नावापुढच्या नोंदी

२४ फेब्रुवारी १८६३ रोजी ऑगस्टस मेरिमन या सरकारी वकिलानं नॉर्थ कॅरोलायनाचे गव्हर्नर झेब्युलन व्हान्स यांना एक पत्र पाठवलं. अमेरिकेतल्या यादवीचं ते दुसरं वर्ष सरत आलं होतं. राज्याच्या पश्चिम भागात, टेनेसीच्या हद्दीला लागून असलेल्या मॅडिसन कौंटीत, शेल्टन लॉरेल नावाच्या डोंगरदरीत कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या, सैनिकांनी तेरा कैद्यांना गोळ्या घालून मारलं होतं. त्याची चौकशी मेरिमननं केली होती. पत्र लहान आहे. त्यात तेरा नावं एकाखाली एक दिली आहेत, आणि अॅपलाचियन डोंगरातल्या यादवीवर जे काही मी वाचलं आहे, त्यात ही यादी मला सर्वांत मोलाची वाटते. पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या प्रदेशाच्या इतिहासकारांनी जी पुस्तकं लिहिली त्यांची पारख मी याच यादीच्या आधारानं करतो.

यादीची सुरुवात एलिसन किंग आणि जो वुड्स या दोघांनी होते. दोघांच्याही नावापुढे शेरा आहे: जिवावर उदार झालेला माणूस. तिसरा विल शेल्टन, वय वीस, पण एवढ्यावर ओळख पटत नाही म्हणून तो सायपसचा मुलगा, हे लगेच सांगितलं आहे. मग अरोनाटा शेल्टन, वय चौदा, आणि तो मार्शल गावी गेलाच नव्हता अशी नोंद. मग जेम्स शेल्टन, सुमारे छप्पन्न वर्षांचा, ज्याला सगळे ‘म्हातारा जिम’ म्हणत. धाकटा जेम्स शेल्टन, सतरा. डेव्हिड शेल्टन, तेरा, आणि तो लुटीत होता. पुढे रॉड शेल्टन, टोपणनाव ‘स्टॉब रॉड’. त्याच्यानंतर आणखी एक डेव्हिड शेल्टन, ज्याची ओळख ‘स्टॉब रॉडचा भाऊ’ एवढीच. तेरापैकी सात शेल्टन. एका मुलाचं वय पंधरा किंवा सोळा, दुसऱ्या एका माणसाचं पंचवीस किंवा तीस.

या ‘किंवा’पाशी मी थांबतो. मेरिमन पुढे नॉर्थ कॅरोलायनाचा सिनेटर झाला आणि नंतर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश. कायद्याची भाषा त्याला नीट येत होती. त्याला हवं असतं तर एकच वय लिहून तो मोकळा झाला असता. पण त्याला जसं सांगितलं गेलं तसंच त्यानं उतरवून घेतलं, आणि माहिती सांगणाऱ्यांची अनिश्चितताही त्यात उतरली. साक्षीदारांवर सक्ती करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हेही तो पत्रात स्पष्ट लिहितो. म्हणजे जो काही मजकूर हाती आला तो लोकांनी आपणहून दिला. ‘म्हातारा जिम’ आणि ‘स्टॉब रॉड’ ही नावं कोणत्याही सरकारी दप्तरात नसणार. ती चुलीपाशी, ओढ्यापाशी वापरायची नावं. आपल्या एखाद्या वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच असलं की घराला, बापाच्या नावाला, एखाद्या खोडीला धरून माणसं ओळखली जातात, तसंच हे आहे. सरकारी कागदात दरीचा आवाज शिरला तो या टोपणनावांतून.

आणि मग त्या नोंदी: हा लुटीत होता, हा नव्हता. त्यासाठी मागची हकीकत सांगायला हवी.

१८६१ च्या मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायना संघराज्यातून फुटलं. मॅडिसन कौंटीत त्याआधीच रक्त सांडलं होतं. त्याच महिन्यात मार्शल या कौंटीच्या ठाण्याच्या गावी प्रतिनिधींच्या निवडणुकीच्या दिवशी फुटीच्या बाजूच्या शेरीफनं एका संघराज्यवादी माणसाच्या मुलाला गोळी घातली, आणि त्या मुलाच्या बापानं शेरीफला ठार केलं. मतभेद गावातच होते, दोन राज्यांमध्ये सीमारेषा आखून ते वेगळे काढता येत नव्हते. एप्रिल १८६२ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला. अठरा ते पस्तीस वयाच्या पुरुषांना सैन्यात जाणं भाग पडलं, पुढे ही मर्यादा पंचेचाळीसवर गेली. ज्यांच्याकडे वीस गुलाम होते त्यांच्या मळ्यावर एका गोऱ्या पुरुषाला सूट मिळाली. डोंगरातल्या छोट्या शेतकऱ्यांकडे वीस गुलाम नव्हते. त्यांचे मुलगे पळून आले आणि लॉरेलच्या दाट झुडपांत लपले. त्या झुडपांच्या जाळ्या इतक्या गच्च असतात की तिथले लोक त्यांना नरकच म्हणतात.

त्यातच मीठ संपलं. हे कारण मुद्दाम ठळक सांगावंसं वाटतं, कारण मोठ्या लढायांच्या इतिहासात मिठाला कधी जागा मिळत नाही. डोंगरातलं कुटुंब हिवाळ्यात डुकरं मारतं, मांस मिठात मुरवतं, आणि त्यावर वर्ष काढतं. मीठ नसेल तर मांस सडतं, आणि मांस सडलं की पोरं उपाशी. उत्तरेच्या आरमारानं बंदरं अडवली होती. दक्षिणेला मीठ मिळे ते मुख्यतः व्हर्जिनियातल्या सॉल्टव्हिल इथून, आणि राज्य सरकार ते वाटून देई. लॉरेलच्या लोकांवर संघराज्यवादी असा शिक्का असल्यानं त्यांना वाटा नाकारला गेला. जानेवारी १८६३ च्या सुरुवातीला सुमारे पन्नास हत्यारबंद माणसं मार्शलवर चालून आली. त्यांनी मीठ नेलं, दुकानं फोडली, आणि चौसष्टाव्या नॉर्थ कॅरोलायना रेजिमेंटचा कर्नल लॉरेन्स अॅलन याच्या घरातही शिरली. अॅलनची मुलं तेव्हा लाल तापानं अंथरुणाला खिळली होती. त्या दिवसांत त्यातली दोन दगावली.

टेनेसीतल्या नॉक्सव्हिलहून जनरल हेन्री हेथनं चौसष्टाव्या रेजिमेंटला लॉरेलकडे पाठवलं. अॅलन तेव्हा निलंबित होता, त्यामुळे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल जेम्स कीथकडे होतं. तोही याच कौंटीतला. रेजिमेंटमध्ये आसपासच्या कौंट्यांतली माणसं होती. म्हणजे शोधणारे आणि शोधले जाणारे एकमेकांची घरं ओळखत होते. बर्फ पडलेला, कडाक्याची थंडी. सैनिकांनी पंधरा जणांना पकडलं, दोघं निसटले. उरलेल्या तेरा जणांना तुकड्या-तुकड्यांनी गुडघ्यांवर बसवून गोळ्या घातल्या. लुटीच्या वेळी मार्शलला गेलेले बहुधा पाचच होते, आठ जण गेलेच नव्हते, असं मेरिमनला कळलं. म्हणून यादीतल्या त्या नोंदी. चौदा वर्षांचा मुलगा गेला नव्हता. तेरा वर्षांचा गेला होता. दोघांनाही त्यानं सारखंच लिहिलं आहे, एकाची निरपराधिता जशी नोंदवली तसा दुसऱ्याचा सहभागही. मेरिमन बळींना स्वच्छ करत बसत नाही. त्याचा कायदेशीर निष्कर्ष मात्र निःसंदिग्ध आहे: ज्यांनी हे केलं ते खुनाचे गुन्हेगार आहेत, आणि असा हुकूम कोणी दिला असेल तर तो कोणी दिला याला महत्त्व नाही, तो हुकूमच रद्दबातल आहे. न्यूरेंबर्ग खटल्यांच्या ऐंशी वर्षं आधी, चालू युद्धात, आपल्याच बाजूच्या सैन्याबद्दल एका डोंगरी वकिलानं लिहिलेलं हे वाक्य माझ्या लेखी त्या काळातल्या सर्वांत धैर्याच्या वाक्यांपैकी आहे.

पत्र तेरा पुरुषांवर संपत नाही. पुढे बायका येतात: काही बायकांना चाबकानं मारलं, एवढंच मेरिमन लिहितो. तपशील नंतर उत्तरेकडच्या वृत्तपत्रांत छापून आला. पंच्याऐंशी वर्षांच्या एका वृद्धेला चाबकानं मारलं, दोरीला टांगलं, मरण्याआधी सोडलं आणि तिचे पैसे लुबाडले. इतर काही जणींनाही माहिती काढण्यासाठी चाबकानं मारून टांगलं. एका मतिमंद मुलीला गळ्याला दोर लावून दिवसभर झाडाला बांधून ठेवलं. या युद्धात बाई ही माहितीचा साठा होती. कोणाचा नवरा कोणत्या कपारीत लपला आहे, त्याला जेवण कोण पोचवतं, हे तिला ठाऊक असे. सैन्याला ते नीट माहीत होतं, आणि मेरिमनलाही. मृतांच्या यादीखाली चाबूक खाल्लेल्या बायकांबद्दल एक वाक्य लिहून त्यानं पुढच्या इतिहासकारांना एक वाट दाखवली होती. ती वाट पुढे बराच काळ कोणी धरली नाही.

या घटनेचं दुसरं रूप उत्तरेकडच्या वृत्तपत्रांनी दिलं. १८६३ च्या जुलैमध्ये, घटनेनंतर सहा महिन्यांनी, तिची सविस्तर हकीकत तिथे छापून आली. आज कोणालाही शेल्टन लॉरेलबद्दल जे आठवतं ते बहुतेक सगळं त्या हकीकतीतून आलेलं आहे. दोन्ही हातांत गोळ्या लागलेला तेरा वर्षांचा डेव्हिड सैनिकांना म्हणतो की माझ्या बापाला आणि भावांना तुम्ही मारलंत, तेही मी माफ करतो, पण मला आई-बहिणींकडे जाऊ द्या. सैनिक बिचकतात तेव्हा कीथ त्यांना धमकावतो की गोळी झाडा, नाहीतर तुम्ही त्यांच्या जागी बसाल. पुरलेल्या प्रेतांवर एक सार्जंट नाचतो. काही सैनिक आधी बिचकले आणि त्यांना भाग पाडलं गेलं, एवढं मेरिमनच्या पत्रातही आहे, बाकी यातलं काही नाही. त्यानं वय लिहिलं आणि पुढे गेला. वृत्तपत्रातली हकीकत खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. दरीतून टेनेसीला पळालेल्या कोणी ती सांगितली असेल, मुलानं हेच शब्द काढलेही असतील. पण ती युद्धकाळात शत्रुपक्षानं छापली, आणि तिला नाटकाची बांधणी आहे. वि. का. राजवाडे बखरी बाजूला सारून अस्सल कागद मागत होते तेव्हा त्यांना याच गोष्टीचा धाक होता: हकीकत जितकी रंगते तितकी ती लोकांच्या तोंडी टिकते, आणि टिकली म्हणून खरी ठरते. तरीही डेव्हिडच्या त्या विनवणीशिवाय ही घटना पुस्तकांत इतकी वर्षं जिवंत राहिली असती का, असं विचारलं तर माझं उत्तर नाही असंच आहे. म्हणून दोन्ही कागद लागतात. प्रश्न असतो तो इतिहासकार त्या दोघांना शेजारी कसा बसवतो, याचा.

१९०१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या रेजिमेंटांचा पाच खंडांचा इतिहास निघाला. संपादक होते वॉल्टर क्लार्क, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती. योजना अशी की प्रत्येक रेजिमेंटची कथा त्याच रेजिमेंटमधल्या माणसानं लिहायची. चौसष्टाव्याचीही तशीच लिहिली गेली, तिच्या एका कॅप्टनकडून. स्मरणाचं हे मोठं काम होतं, आणि त्यातून जे हाती लागतं ते दुसरीकडे कुठेच नाही. पण या योजनेतच त्याची मर्यादा आहे. निवेदक नेहमी बंदुकीच्या मागच्या बाजूला उभा. मोर्चे, थंडी, उपासमार, शौर्य हे सगळं आतून दिसतं. समोर गुडघ्यांवर बसलेल्या माणसाला त्या मांडणीत जागा मिळत नाही, कारण तो कोणत्याच रेजिमेंटचा नव्हता. अॅलनच्या मोहिमांवरही १८९४ मध्ये एक छोटं पुस्तक निघालं होतं. लॉरेलच्या कोणाचं तसं पुस्तक निघालं नाही.

१९१४ मध्ये जॉन प्रेस्टन आर्थर या वकिलाचं ‘वेस्टर्न नॉर्थ कॅरोलायना’ आलं. प्रकाशक होती अॅशव्हिलमधली क्रांतियुद्धाच्या सैनिकांच्या वारसदार स्त्रियांची संघटना. प्रेमानं जमवलेलं हे पुस्तक आहे: रस्ते, न्यायालयं, खटले, द्वंद्वयुद्धं, खाणी, चेरोकी लोक, सगळं त्यात आहे. यादवी त्यात अनेक विषयांपैकी एक आहे. त्या पिढीच्या स्थानिक इतिहासांची हीच रीत होती. गावात दोन्ही बाजूंची नातवंडं शेजारी-शेजारी राहत होती, एका चर्चमध्ये जात होती. अशा वेळी लेखक आवाज खाली घेतो. ही भित्री गोष्ट आहे असं मला वाटत नाही. खून करणाऱ्याचा नातू पुस्तकाचा वर्गणीदार असेल तर इतिहासकाराला दुसरं काय सुचणार? पण त्या शांततेची किंमत होती. याच काळात बाहेरच्या लेखकांनी डोंगरातल्या लोकांची एक वेगळीच प्रतिमा रंगवली. १८९९ मध्ये केंटकीतल्या बेरिया कॉलेजचे अध्यक्ष विल्यम फ्रॉस्ट यांनी एका गाजलेल्या लेखात डोंगरी माणसांना आपले समकालीन पूर्वज ठरवलं, जणू काळ त्यांच्याजवळ थबकलेला. हॅटफील्ड आणि मॅकॉय घराण्यांच्या वैराच्या बातम्यांनी तर डोंगरी माणूस म्हणजे सूडाचा पुतळा हे पक्कं केलं. भरतीचा कायदा, मीठ, निवडणूक, कर, सगळं पुसलं गेलं, आणि हिंसा त्यांच्या रक्तातच आहे असं झालं. गावानं आवाज खाली घेतला, आणि ती जागा बाहेरच्यांनी भरली.

म्हणून फिलिप पॅलुडनचं ‘व्हिक्टिम्स’ हे १९८१ चं पुस्तक मला इतकं महत्त्वाचं वाटतं. पॅलुडन या दरीतला नव्हता. टेनेसी विद्यापीठाच्या प्रकाशनानं हे पुस्तक काढलं. व्हिएतनाम युद्ध संपून सहा वर्षं झाली होती, तिथलं माय लायचं हत्याकांड अजून ताजं होतं, आणि लेखकाच्या मनात तेच होतं. साधी माणसं असं कसं करतात, हा त्याचा प्रश्न. राक्षस शोधायचा नाही, माणूस शोधायचा. पुस्तक लहान आहे, आणि त्याची बांधणी फार सुंदर आहे. तो गोळीबारानं सुरुवात करून वाचकाला हादरवत नाही. आधी दरी, तिथली शेती, नातीगोती, मग युद्ध डोंगरात कसं चढून आलं ते, मग अॅलन, कीथ आणि हेथ या तिघांची आयुष्यं. गोळ्या झाडल्या जातात तोवर वाचक मारणाऱ्यांनाही ओळखू लागलेला असतो. अॅलनच्या घरातल्या आजारी मुलांपाशी पॅलुडन बराच वेळ घालवतो. तिथे एक भीती वाटते की आता समर्थन येणार. ते येत नाही. मुलांचं मरण हे कारण म्हणून उभं राहतं, पण सबब म्हणून नाही. हा तोल सांभाळणं फार कठीण आहे आणि पॅलुडनला तो साधला आहे. पुस्तकाच्या नावातला अनेकवचनी ‘बळी’ कोणाकोणाला सामावतो, हे ठरवण्याचं काम तो वाचकावर सोपवतो.

हुकमाच्या प्रश्नापाशीही तो असाच थांबतो. कीथ म्हणत राहिला की हेथनं तोंडी सांगितलं होतं, कैदी आणून माझी डोकेदुखी वाढवू नका. हेथनं कबूल केलं की लढाईत कैदी घेऊ नका अशा अर्थाचं आपण बोललो, पण पकडलेल्यांना मारा असं म्हटलं नाही. या दोन वाक्यांमधल्या फटीत तेरा माणसं मेली. व्हान्सनं रिचमंडला, कॉन्फेडरेट सरकारकडे, पाठपुरावा केला. तो स्वतः शेजारच्या बंकम कौंटीतला, हे डोंगर त्याचेच. कीथला राजीनामा देऊन जाऊ दिलं. हेथ पुढे जनरल लीच्या सैन्यात गेला, आणि जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गची लढाई त्याच्याच डिव्हिजननं सुरू केली. युद्धानंतर कीथ पकडला गेला, बराच काळ तुरुंगात होता, आणि १८६९ मध्ये निसटला. शिक्षा कोणालाच झाली नाही. हे सगळं पॅलुडन आवाज न चढवता सांगतो.

पण या पुस्तकाचा एक भाग मला पटत नाही. त्याचं शेल्टन लॉरेल जरा जास्तच एकाकी आहे. बाहेरच्या जगापासून तुटलेली, आपल्या रीतींत रमलेली जमात आणि तिच्यावर अचानक कोसळलेलं आधुनिक युद्ध, असं चित्र काही पानांत उमटतं. मार्शल गाव फ्रेंच ब्रॉड नदी आणि कड्यामधल्या अरुंद पट्टीत वसलेलं आहे, आणि त्याच पट्टीतून बंकम टर्नपाइक हा रस्ता जात होता. युद्धाआधीची तीसेक वर्षं टेनेसीची डुकरं कळपाकळपांनी याच रस्त्यानं दक्षिण कॅरोलायनाच्या बाजारांकडे हाकली जात. लॉरेलची दरी रस्त्यापासून आत होती हे खरं, पण आपल्या दाराशी काय चाललं आहे ते तिला ठाऊक होतं. मिठासाठी लोक मार्शलला आले ते मीठ तिथे आहे आणि आपल्याला नाकारलं जात आहे हे कळल्यामुळे. जे बाजाराबाहेर आहेत ते मिठाचा वाटा मागत नाहीत.

ही दुरुस्ती पुढच्या पिढीनं केली. जॉन इन्स्को यांनी १९८९ मध्ये ‘माउंटन मास्टर्स’मध्ये दाखवलं की पश्चिम नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात गुलामगिरी होती, आणि गुलामांचे मालकच तिथलं राजकारण चालवत होते. डोंगर म्हणजे आपोआप संघराज्यवादी, ही समजूत त्यांनी मोडली. २००० मध्ये गॉर्डन मॅकिनी यांच्यासोबतचं ‘द हार्ट ऑफ कॉन्फेडरेट अॅपलाचिया’ आलं. त्यात शेल्टन लॉरेल एका मोठ्या प्रदेशाच्या संदर्भात बसतं: कोण कोणाचा देणेकरी, कोणत्या दऱ्यांत कोणता पक्ष, बायका गव्हर्नरला काय लिहीत होत्या, गुलाम म्हणून आणलेली काळी माणसं या सगळ्यात कुठे होती. मार्टिन क्रॉफर्ड यांनी अॅश कौंटीवर, जॉनथन सॅरिस यांनी उत्तर जॉर्जियाच्या दोन कौंट्यांवर असंच काम केलं. ही पुस्तकं पॅलुडनसारखी हाताला धरून नेत नाहीत, तक्ते आणि टिपा भरपूर. पण त्यांच्यामुळे यादीखालचं मेरिमनचं ते वाक्य, चाबूक खाल्लेल्या बायकांचं, पुन्हा वाचलं जाऊ लागलं. गव्हर्नरकडे आलेल्या पत्रांतून त्यांचे आवाज मिळाले: नवऱ्याला घरी पाठवा, पेरणीला माणूस नाही, पोरांना खायला नाही. युद्धाचा कस डोंगरात या पत्रांवरून लागतो.

कादंबरीकारांनीही या घटनेला हात घातला. रॉन रॅश यांच्या ‘द वर्ल्ड मेड स्ट्रेट’मध्ये विसाव्या शतकातल्या एका मॅडिसन कौंटीतल्या मुलाला या हत्याकांडाचा इतिहास कळत जातो. ती चांगली कादंबरी आहे, पण तिच्याबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं.

नव्या वाचकाला मी एक क्रम सुचवेन. आधी मेरिमनचं पत्र, तेही सगळं, बायकांबद्दलच्या वाक्यासकट. मग पॅलुडन, एका बैठकीत. इन्स्को आणि मॅकिनी त्यानंतर, हाताशी मॅडिसन आणि आसपासच्या कौंट्यांचा नकाशा ठेवून. उत्तरेकडच्या वृत्तपत्रातली हकीकत शेवटी, म्हणजे डेव्हिडची विनवणी वाचताना तो लुटीत होता हे आठवेल, त्याच्याहून वर्षानं मोठा अरोनाटा नव्हता हेही आठवेल, आणि दोघांनाही एकाच बर्फात गुडघ्यांवर बसवलं तेव्हा सैनिकांनी त्यांच्यात फरक केला नाही, हेही.